मध्यंतरापर्यंतची जागा

शेवटी ताई बाबांना तिच्याकडे घेऊन गेली. आमच्या घरात शेवट आधी सांगणं हा एकमेव गुन्हा आहे, बाकी सगळं खपतं, त्यामुळे हे वाक्य मी मागे घेतो. असं काहीही झालेलं नाही. बाबा त्यांच्या खुर्चीत आहेत, त्यांची बॅग माळ्यावर आहे, ताई तिच्या शहरात, तिच्या दवाखान्यात कुणाच्यातरी अक्कलदाढेशी झटापट करते आहे, आणि मी ऑफिसात कानाला हेडफोन लावून लिफ्टमध्ये थांबलेल्या एका बाईंशी बोलतो आहे. थांबलेल्या. ‘अडकलेल्या’ हा शब्द आमच्याकडे वापरायचा नसतो. माझं काम असं, की शहरातल्या कुठल्याही लिफ्टमध्ये कुणी लाल बटण दाबलं की ते माझ्या कानात वाजतं, मी मेकॅनिकला पिटाळतो, आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाला बोलतं ठेवतो. सुपरवायझरबाईंनी मला आल्या आल्याच बजावलं होतं, की ‘घाबरू नका’ असं कधी म्हणायचं नाही, कारण तोवर माणूस घाबरलेला नसतो. सुरुवातीला मी हवापाण्याच्या गप्पा मारून बघितल्या, पण बंद पेटीतल्या माणसाला हवेची आठवण करून देणं फारसं बरं नव्हे. मग मी सिनेमावर आलो. इतक्यात कोणता पाहिलात, कुठे हसलात, कुठे उठून जावंसं वाटलं. माणसं बोलतात. घरचा पत्ता सांगताना ज्यांची जीभ अडखळते त्यांना खलनायकाच्या शर्टाची बटणं आठवतात. एकदा एका गृहस्थांना मी नुकताच पाहिलेला सिनेमा मला कसा वाटला ते सांगत होतो, तर मेकॅनिकने दार उघडलं तरी ते बाहेर येईनात. म्हणाले, थांबा हो, ह्यांचं संपू द्या. सुपरवायझरबाईंनी त्याबद्दल मला समज दिली, आणि जाता जाता हळूच विचारलं, कोणता रे सिनेमा?

तर त्या सोमवारी त्या बाईंना मी नेहमीचंच विचारलं, शेवटचा सिनेमा कधी पाहिलात. ‘कसला सिनेमा घेऊन बसलात,’ त्या म्हणाल्या, ‘थिएटर तरी राहिलंय का? आत्ता मी जिथे लोंबकळतेय ना, तेच थिएटर होतं. आता सोफे विकतात. मी दिवाण बघायला आले आणि हे असं.’ मी विचारलं, कुठलं थिएटर. ‘चौकातलं हो, निळ्या दिव्यांचं. बंद होऊन कितीतरी महिने झाले. तुम्ही काय कधी घराबाहेर पडत नाही का?’ समोरच्या पडद्यावर पत्ता होता, पण त्यात इमारतीचं नवं नाव होतं, आणि नव्या नावाखालची जुनी इमारत मला दिसली नव्हती. मी गप्प झालो. आमच्या धंद्यात गप्प होणं हे सर्जनने झोपी जाण्यासारखं आहे. कानात त्या बाईंचा श्वास ऐकू येत होता, मग त्या म्हणाल्या, ‘हॅलो? अहो, आहात ना? घाबरू नका हं.’

कारण बाबा दर गुरुवारी दुपारी त्याच थिएटरला जातात. गेल्या रविवारीही ते जेवताना म्हणाले होते, की थंडी वाजली, पाय आखडले, मधे एकदा फार हसू आलं पण आजूबाजूला कोणीच हसत नव्हतं म्हणून गिळून टाकलं, आणि शेवटी शेवटी उगाच रडू आलं. मी मान डोलावली होती. त्याच्या आधीच्या रविवारीही डोलावली होती. आमच्याकडे रविवारच्या जेवणाला हीच पद्धत आहे: प्रत्येकाने आठवड्यात पाहिलेल्या सिनेमाबद्दल बोलायचं, पण गोष्ट सांगायची नाही, नाव सांगायचं नाही, शेवट तर नाहीच नाही. फक्त बघताना आपलं काय झालं तेवढं सांगायचं. हा नियम आईचा. आई त्या थिएटरच्या तिकीट खिडकीवर होती. खिडकी बंद करून, हिशेब देऊन ती आत येईपर्यंत मध्यंतर व्हायचं, त्यामुळे तिने आयुष्यभर सगळे सिनेमे अर्धे पाहिले. सगळ्यांची लग्नं तिला ठाऊक होती, पण त्यांची ओळख कशी झाली ते ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर मी आणि ताई पहिला अर्धा भाग सांगायला तोंड उघडायचो, की ती कानांवर हात ठेवायची. ‘गोष्ट सांगू नका, मी कधीतरी सुरुवातीपासून बघणार आहे. तुमचं काय झालं ते सांगा.’ मग ताई सांगायची की तिला राग आला, मी सांगायचो की मला शू लागली होती, आणि बाबा फार विचार करून म्हणायचे, ‘मला बरं वाटलं.’ बाबा तिच्यासाठी शेजारची जागा धरायचे. जागेवर त्यांची खाकी पिशवी ठेवलेली असायची, अंधारात येणाऱ्याजाणाऱ्यांना ते ‘माणूस आहे, माणूस आहे’ म्हणायचे, आणि मध्यंतराचे दिवे लागले की पिशवी उचलून मांडीवर घ्यायचे, म्हणजे ती आलीच. कधीतरी सुरुवातीपासून बघायचं मात्र राहून गेलं. ती गेल्यावर नियम तेवढा राहिला, आणि तो इतका पक्का मुरला, की माझा बाप काय बघतो, कुठे बघतो, त्या बघण्याला पडदा तरी आहे का, हे विचारायची कुणाला सोयच उरली नाही.

ह्याच्या जोडीला किल्लीचं प्रकरण होतं. मागे एकदा बाबा खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या दाराशी उभे राहून आपली किल्ली फिरवत होते, आणि आतल्या लोकांनी दार उघडलं तेव्हा त्यांना म्हणाले होते, या ना, बसा. खालच्या बाईंनी हे हसत हसत ताईला सांगितलं आणि ताई हसली नाही. ताई दातांची डॉक्टर आहे. तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाला प्रश्न विचारायची तिला सवय आहे, त्यामुळे उत्तर मिळत नाही ह्याचं तिला नवल वाटत नाही, ती आपलं आपण ठरवून मोकळी होते. भावजींनी मागची खोली रंगवूनसुद्धा घेतली, फिकट हिरवी. ‘आजीचं कसं झालं ते आठवतंय ना,’ ती मला फोनवर म्हणाली. ‘अजून एक, फक्त अजून एक असलं काही झालं, की मी त्यांना घेऊन जाणार. ह्या घराचं काय करायचं ते नंतर बघू. आणि तू लपवायचं नाहीस, ढब्ब्या. शपथ.’ मी शपथ म्हणालो. मी शपथ लगेच घेतो, ती माझ्या स्वभावातली खोट आहे. आणि आता ते ‘अजून एक’ एका बंद लिफ्टमधून, दिवाण घ्यायला आलेल्या बाईंच्या आवाजात, माझ्या कानात येऊन पडलं होतं आणि माझ्याशिवाय ते कुणालाच माहीत नव्हतं. बाबांना विचारावं तर काय विचारणार? बाबा, तुम्हाला माहीत आहे का की तुम्ही जाता ते ठिकाण नाहीये? आजीला असंच विचारलं होतं. आजोबा वारले आहेत हे तिला आम्ही आठवण म्हणून सांगायचो आणि ती प्रत्येक वेळी नव्याने रडायची. मी फोन उचलून बाबांचा नंबर लावला, त्यांनी ‘बोल’ म्हटलं, आणि मी विचारलं, जेवलात का. ते म्हणाले, जेवलो. आम्ही दोघांनी समाधान मानलं.

गुरुवारी मी दात दुखतो म्हणून रजा घेतली आणि त्या इमारतीत गेलो. लिफ्टने गेलो नाही. लिफ्टबद्दल मला जरा जास्तच माहिती आहे. जिना तोच होता, फक्त भिंतीवरच्या नटनट्यांच्या जागी गाद्यांचे फोटो होते, आणि गादीवर झोपलेली माणसं नटनट्यांपेक्षा जास्त खूश दिसत होती. वर प्रेक्षागृहाची जागा आली. त्यांनी खुर्च्या उपटून गालिचा अंथरला होता, पण उतार तसाच ठेवला होता, त्यामुळे सगळ्या सोफ्यांच्या पुढच्या पायांखाली लाकडी ठोकळे सरकवले होते. सगळं फर्निचर सरळ दिसत होतं आणि आपणच तिरके आहोत असं वाटत होतं. खाली, जिथे पडदा होता, तिथे आरशाच्या कपाटांची रांग उभी होती. मी तिथे उतरलो, वर वळून पाहिलं, आणि बाबा दिसले. दोघांच्या सोफ्यावर. इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यांवर हात, नजर समोर. शेजारी खाकी पिशवी. मी आरशांसमोर होतो, म्हणजे पडद्यावर होतो, आणि बाबा प्रेक्षकांत होते. मला काय करावं सुचेना, इतक्यात विक्रेती आली. ‘कपाट हवंय का, सर? हे आतून बघा, उंची आत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.’ एरवी मी असल्या सूचना मनावर घेत नाही. त्या दिवशी मी ‘बरं’ म्हणालो आणि कपाटात शिरलो. तिने नम्रपणे दार लावून घेतलं. आत लाकडाचा आणि डिंकाचा वास, खांद्याला खांदा लावून उभे हँगर, आणि नाकासमोर उभी फट. ‘हवा येते ना?’ तिने बाहेरून विचारलं. ह्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या बाजूला मी पहिल्यांदाच होतो, आणि मला तो प्रश्न मुळीच आवडला नाही.

फटीतून मी बघत राहिलो. बाबांच्या समोर एक जोडपं पलंगावर आडवं होऊन बघत होतं, बूट घालून, मधे उशीएवढं अंतर ठेवून; तो म्हणत होता मऊ आहे, ती म्हणत होती मऊच तर आहे, आणि हे ते अशा आवाजात म्हणत होते की पलंगाचा त्यात काही संबंध नसावा. बाबांनी ओठ दाबले. मग एक आजोबा आरामखुर्चीत बसले आणि त्यांना उठता येईना, दोन सुना त्यांना ओढत होत्या. बाबांना हसू आलं, त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि ते गिळलं. जागच्या जागी उभं राहून माझी मान अवघडली, पण डोळा फटीवरून हलेना, कारण मी एकाच गोष्टीची वाट बघत होतो आणि ती होऊ नये असं मला वाटत होतं. ती झाली. कुणीतरी, कदाचित वॉचमनने, दिव्यांची आणखी एक ओळ लावली. बाबांनी पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली. शेजारची जागा मोकळी झाली. ते थोडेसे बाजूला सरकले, आणि त्यानंतर त्यांचा चेहरा इतका निवांत झाला, की मला माझ्या बापाची भीती वाटली. मी दचकलो, कपाळ दारावर आपटलं आणि कपाटाचं दार धाडकन उघडलं. मी बाहेर पडलो, विक्रेतीला म्हणालो की उंची पुरेशी आहे, आणि मागे न बघता जिना उतरलो. रस्त्यावर माणसं नेहमीसारखी जात होती. त्यांच्यातल्या प्रत्येकाचा बाप ह्या क्षणी कुठेतरी बसलेला असणार.

रविवारी ताई स्वतः आली. एरवी ती फोनमध्ये असते, पाण्याच्या जगला टेकवलेली, आणि मीठ मागावं लागलं की आम्ही तिला उचलून बाजूला ठेवतो. ह्या वेळी ती सबंध आली आणि आईच्या खुर्चीत बसली. बाबांनी अंडी उकडली होती, बटाटे भाजले होते, पावाच्या कडा कापल्या होत्या. ताईने फ्रिज उघडून पाहिला, औषधांचा डबा हलवून पाहिला, गॅसच्या बटणांवरून बोट फिरवलं. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो आणि टाळताना दिसत होतो. तिने स्वतःचं सांगितलं: सिनेमा पाहिला, राग आला, मधेच बंद केला. मी माझं सांगितलं: एका ठिकाणी गुदमरल्यासारखं झालं. मग बाबांची पाळी आली. त्यांनी अंड्याला मीठ लावलं, बराच वेळ लावलं, आणि म्हणाले, ‘चांगला होता. पण लक्ष लागेना. समोर कोणीतरी सारखं हलत होतं. एकदा तर कपाटाचं दारच उघडलं.’

ताईचा काटा ताटलीवर टेकला. ‘कपाटाचं दार? थिएटरमध्ये?’

‘सिनेमात,’ मी म्हणालो. ‘सिनेमातलं कपाट गं.’

‘तुला काय माहीत?’

‘मी होतो बरोबर. दात दुखत होता म्हणून रजा घेतली होती.’

‘दात दुखतो म्हणून सिनेमाला गेलास. आणि मला, दातांच्या डॉक्टरला, सांगितलं नाहीस.’

‘थांबला मग दुखायचा. चांगला सिनेमा होता.’

तिने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबा अंडं खात होते. ‘बाबा,’ ती फार हळू म्हणाली, किडक्या दाताला हात लावण्याआधी म्हणत असेल तशी, ‘तुम्ही गोष्ट सांगितलीत. कपाट वगैरे. आपल्याकडे सांगत नाहीत ना गोष्ट?’ बाबांनी तिच्याकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांनी तो नियम मोडला नव्हता. ते म्हणाले, ‘हो की. चुकलंच माझं.’ ताईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नीट ओळखता आलं: ते ‘अजून एक’ होतं. मी सारवासारव करायला गेलो, की अगं, दार म्हणजे काही गोष्ट नव्हे, दार सगळ्याच सिनेमांत असतं, पण माझा आवाज लाल बटणावर बोलतो तसा झाला होता, गुळगुळीत आणि धीराचा, आणि ताईला तो आवाज ठाऊक आहे. ‘ठीक आहे,’ ती म्हणाली. ‘येत्या गुरुवारी मीही येते. दवाखाना बंद ठेवते. तिघं जाऊ. कितीतरी वर्षं झाली त्या थिएटरला जाऊन.’ बाबा म्हणाले, ‘वा.’ मी म्हणालो, ‘वा.’ मग ती फोनवर भावजींशी बोलायला गच्चीत गेली, आणि तिच्या बोलण्यातला ‘खोली’ हा शब्द तेवढा आत ऐकू आला.

मी भांडी घासत होतो, बाबा पुसत होते. नळ सोडलेला होता. ते ताटली गोल गोल पुसत म्हणाले, ‘कपाट महाग होतं का रे?’

‘तुम्ही मला पाहिलंत?’

‘एवढे आरसे लावलेत त्यांनी. न दिसायला तू काय सुई आहेस?’

‘मग तुम्हाला माहीत आहे. थिएटर बंद झालंय ते.’

‘अरे, बंद झालं त्याच आठवड्यात कळलं मला. मला वाटलं, तुला माहीत नाही. तुझ्या आईची खिडकी तोडली त्यांनी, तिथे आता उशा विकतात. तुला कशाला सांगायचं म्हटलं. लहानपणी त्या खिडकीत बसून जेवायचास तू.’ त्यांनी ताटली ठेवली, दुसरी घेतली. ‘आणि गुरुवारी काही बघितलं नाही, तर रविवारी बोलायचं काय आपण? तू जेवलात का विचारणार, मी जेवलो म्हणणार.’

मला इतकं हलकं वाटलं, की मी हसलोच. म्हणजे ते मला सांभाळत होते आणि मी त्यांना, आणि मधे एक सबंध थिएटर आम्ही दोघांनी मिळून उभं धरलं होतं. मी म्हणालो, ‘मग आता ताईला सरळ सांगून टाकू.’

‘काय सांगणार? तुमचा बाप दुकानात जाऊन पलंगावरच्या लोकांकडे बघत बसतो? हे डोकं ठिकाणावर असल्याचं लक्षण म्हणून सांगणार?’ ते म्हणाले. खरं सांगितलं तरी हिरवी खोली, न सांगितलं तरी गुरुवारी ती स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. बाबांनी फडकं झटकलं, नीट चौकोनी घडी घातली, आणि म्हणाले, ‘गुरुवारी लवकर निघू. ताईला उशीर करायची सवय आहे, सुरुवात चुकते तिची. तिला कडेची जागा देऊ. मधली नको, मधली मध्यंतरापर्यंत लागते.’

मी त्यांच्याकडे पाहिलं. आमच्या घरात विनोद करताना चेहरा हलवत नाहीत. माझ्यात ते आलंय तेही त्यांच्याकडूनच. त्यामुळे मला कळेना. मी पाहतच राहिलो, नळ वाहत राहिला, आणि ते माझ्याकडे तसेच शांतपणे पाहत होते, मीच काहीतरी बोलायचं राहिलंय अशा नजरेने. गच्चीतून ताईने विचारलं की गुरुवारचा खेळ कितीचा, आणि बाबांनी लगेच वेळ सांगितली.

आमच्या कंपनीत काहीही हवं असलं तर लेखी मागायची पद्धत आहे. सोमवारी मी कामावर आलो, हेडफोन बाजूला ठेवला आणि टाइप करायला घेतलं.

प्रति, मा. सुपरवायझर, देखभाल विभाग. विषय: चौकातील गृहसजावटीच्या इमारतीतील लिफ्ट थांबवण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर लिफ्ट येत्या गुरुवारी दुपारी, आत वडील, मुलगी व मुलगा अशा तीन व्यक्ती असताना, दोन मजल्यांच्या मध्ये थांबवण्यात यावी. आतील दिवा मालवण्यास संबंधितांची हरकत नाही. मेकॅनिक परगावाहून बोलावण्यात यावा व त्याने शक्यतो पायी यावे. लाल बटण दाबले गेल्यास फोन कोणीही उचलू नये, कारण तो उचलणारा कर्मचारी त्या वेळी आतच असेल व आतील व्यक्तींना बोलते ठेवेल. लिफ्टची क्षमता चार व्यक्तींची असल्याचे आतील पाटीवर नमूद आहे. तरी चौथी जागा मध्यंतरापर्यंत राखून ठेवण्यात यावी, आणि मध्यंतर कधी करायचे हे ठरवण्याचा अधिकार वडिलांकडे असावा, ही नम्र विनंती.